सह्यांच्या वरची जागा

चूक माझी होती. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, कारण पुढे लिहिता लिहिता मी बरंच काही वरिष्ठांवर, भाऊंवर, पावसावर ढकलत जाईन. तशी मला सवय आहे. मी ग्रामसेवक होतो. आमच्याकडे गावातले लोक ग्रामसेवकाला सचिव म्हणतात. ग्रामसभेच्या प्रोसिडिंगच्या वहीत लोकांच्या सह्या घेऊन झाल्यावर, त्या सह्यांच्या वर सोडलेल्या जागेत, सभेत कुणीही न बोललेल्या चार ओळी मी माझ्या हाताने लिहिल्या. त्या ओळींमुळे एक पूल भलत्याच ठिकाणी झाला, एक माणूस गेला, आणि त्याच्या मरणाचा दोष सगळ्या वस्तीने त्याच्या बायकोवर ठेवला. तिचा दोष नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि मी अडीच वर्षं गप्प राहिलो.

जागा सोडणं ही आमच्यातली जुनी रीत. नोकरीला लागलो तेव्हा एका म्हाताऱ्या ग्रामसेवकाने मला ती शिकवली. सभा संपली की लोक थांबत नाहीत. कुणाला बाजार असतो, कुणाला धानाचा चुकारा, म्हणजे विकलेल्या धानाचे पैसे, आणायचा असतो. सगळे ठराव तिथेच लिहीत बसलं तर सह्या करायला माणूस उरत नाही. म्हणून विषय लिहायचा, खाली दोन ओळी खरडायच्या, अर्धं पान मोकळं सोडायचं आणि तळाशी सह्या घ्यायच्या. उरलेलं घरी, कच्च्या टिपणावरून. "सह्या गावाच्या, अक्षर आपलं," तो म्हणायचा. बहुतेक वेळा त्या जागेत तेच जायचं जे सभेत ठरलेलं असायचं. 'बहुतेक वेळा' हे आज लिहितोय. तेव्हा मला त्यात काही खोट दिसत नव्हती.

हे झालं त्या गावात येण्याआधी मी सहा वर्षं दरेकशाच्या बाजूला, डोंगरातल्या गावांत होतो. घर गोंदियाजवळ कुडव्याला, वडील अर्धांगाने अंथरुणावर. नियमाने तीनदा बदलीचा अर्ज केला. तिसऱ्यांदा ऑफिसातल्या बाबूने अर्ज उलटून पाहिला, त्याच्या मागे काही जोडलंय का ते बघितलं, आणि म्हणाला, "साहब, चिठ्ठी किधर है?"

चिठ्ठी भाऊंकडून मिळायची. भाऊ कोण, ते लिहीत नाही. आमच्या भागात प्रत्येकाचा एक भाऊ असतो. शनिवारी सकाळी त्यांच्या बंगल्याच्या ओसरीत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असत. शाळेतले मास्तर, नर्सबाई, बोअरवेल मागणारे, पोराला पोलीस भरतीत बसवायला निघालेले बाप, सगळे तिथे. टेबलावर पीएसमोर लेटरहेडचा गठ्ठा होता. प्रत्येक कागदावर तळाशी भाऊंची सही आधीच झालेली. माणूस पुढे आला की पीए वरचा मजकूर टाइप करी. माझी पाळी आली तेव्हा भाऊंनी मान वर केली. "वडील कसे आहेत? हात हलवतात का थोडा?" वडिलांचं त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. मला एकदम भरून आलं. खात्यात सहा वर्षांत कुणी एवढं विचारलं नव्हतं.

पंधरा दिवसांत ऑर्डर निघाली. आमगावच्या बाजूला, घरून रोज मोटारसायकलने जाऊन-येऊन करता येईल असं गाव मिळालं. अर्जात मी वडिलांचं कारण लिहिलं होतं. ते खरं होतं, पण पूर्ण नव्हतं. मला रोज आपल्या घरी झोपायचं होतं, एवढंच. भाऊंनी त्या बदल्यात काही मागितलं नाही. मी बरेच दिवस वाट पाहिली. ते मागत नाहीत हे पाहून माझा जीव हलका व्हायला हवा होता, तो हळूहळू जड होत गेला.

नव्या गावाला एक टोला होता. नाल्याच्या पलीकडे बत्तीस घरं, बहुतेक बौद्ध. थोडी स्वतःची शेती, थोडी ठेक्याची, बाकी मजुरी. टोल्यावरून गावात यायला नाल्यावर एक जुना रपटा, म्हणजे पाण्यातून जाणारा सिमेंटचा बुटका रस्ता. नाला चढला की रपटा बुडायचा आणि टोला तिकडेच राहायचा. नाल्याच्या वरच्या अंगाला गावातल्या शेठची राईस मिल होती. शेठ म्हणजे भाऊंचा आमच्या गावातला माणूस.

टोल्यातल्या एका बाईला मी पहिल्याच ग्रामसभेत पाहिलं. तिचं वय पस्तीसच्या आसपास असेल. सातवी शिकलेली, बचत गटाची अध्यक्ष. तिच्या आधी टोल्यातल्या बायका ग्रामसभेला येतच नसत. त्या सव्वीस जानेवारीला ती वीसेक बायकांना घेऊन आली आणि मागे न बसता थेट पुढच्या सतरंजीवर येऊन बसली.

"आमाले नाल्यावर पूल पाह्यजे," ती म्हणाली.

शेठ हसून म्हणाला, "बाई, पूल तो सबको चाहिए."

"सगळ्याईले पाह्यजे तं सगळे बुडत काऊन नाही? आमीच काऊन बुडतो?"

लोक हसले. शेठही हसला. सरपंचांनी विषय घेतला, कुणाची हरकत नव्हती. मी वहीत लिहिलं: 'विषय क्र. ४. नाल्यावर पूल बांधणेबाबत. सभेत चर्चा होऊन नाल्यावर पूल मंजूर करण्याची मागणी एकमताने करण्यात आली.' खाली अर्धं पान सोडलं आणि सह्या घ्यायला लागलो.

ती बाई सगळ्यात पुढे होती. तिने पेन घेतलं नाही. आधी वही स्वतःकडे फिरवली आणि ओठ हलवत वाचलं. मागच्या बाया घाई करत होत्या. "वाचून राहिली," ती त्यांना म्हणाली, "वाचल्याबिगर माही सही होत नाही." दोन्ही ओळी वाचून झाल्यावर तिने सही केली. त्या पानावरची पहिली सही तिचीच. मधल्या मोकळ्या जागेकडे तिने पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हणालो, "बाकीचं जुजबी असतं, कलम वगैरे." तिने मान हलवली.

चौथ्या दिवशी सकाळी शेठचा फोन आला.

"सचिव साहब, पुलिया का ठराव पूरा लिख दिया?"

"अजून नाही. आज लिहितो."

"रुको फिर. गट नंबर भेज रहा हूं. भाऊ से बात हो गई है."

व्हॉट्सॲपवर नंबर आला. तो मिलच्या मागच्या रस्त्याचा होता, जिथून ट्रक नाला ओलांडून शेठच्या शेताकडे जात. मी म्हणालो, लोकांनी टोल्यासाठी मागितलाय.

"नाले पे ही मांगा है ना? तो नाले पे ही बन रहा है. नाला तो एकच है आपला." मग थोडं थांबून, अगदी आपुलकीने, "पिताजी कैसे हैं? हाथ हिलाते हैं थोडा?"

भाऊंचाच प्रश्न, त्यांच्याच शब्दांत. भाऊंना या सगळ्याची खरंच कल्पना होती की शेठ त्यांचं नुसतं नाव चालवत होता, मला आजही सांगता येत नाही, कारण मी विचारलं नाही. मी त्याच संध्याकाळी, वडिलांच्या खाटेशेजारी बसून, सोडलेल्या जागेत चार ओळी लिहिल्या. गट नंबर, मिल रस्ता, 'सदर ठिकाण सर्वांच्या सोयीचे असल्याने'. पेन तेच होतं. चार ओळी त्या जागेत इतक्या नेमक्या बसल्या की मला स्वतःलाही पान तसंच होतं असं वाटायला लागलं.

काम पटापट मंजूर झालं. उन्हाळ्यात जेसीबी आला. टोल्यातल्या पोरासोरांनी आणि म्हाताऱ्यांनी रपट्यापाशी गर्दी केली. जेसीबी त्यांच्यासमोरून वर मिलकडे निघून गेला. दुसऱ्या दिवशी ती बाई ग्रामपंचायतीत आली.

"सचिव साहेब, मशीन तिकडे काऊन गेली?"

"वरून ठिकाण बदललं, बाई. इंजिनिअर लोकांचं असतं ते."

"आमचा मंग?"

"पुढच्या वर्षी टाकू."

ती उभीच राहिली. "पान्याले सांगा मंग, पुढच्या वर्षी येजो म्हनून." एवढं बोलून गेली. मी पंखा वाढवला आणि दाखल्यांवर शिक्के मारत बसलो. मेच्या अखेरीला मिलचा पूल पूर्ण झाला. भाऊंनी फीत कापली, मी हार धरून उभा होतो. नाल्यात तेव्हा पाण्याचा थेंब नव्हता. पण त्या दिवसापासून मी मोबाइलवर पावसाचा अंदाज बघायला लागलो. शेतकऱ्यासारखा नाही, चोर जसा रस्त्याकडे बघतो तसा.

जून कोरडा गेला. जुलैत धानाची रोवणी सुरू झाली आणि पाऊस लागला तो थांबेना. दोनदा रपटा बुडला आणि उतरला. दोन्ही वेळा काही झालं नाही. दोन्ही वेळा मी घरी येऊन नीट जेवलो.

तिसऱ्या वेळी दुपारी बाराच्या सुमाराला शिपाई सांगत आला, टोल्यात एकाला साप चावला. मी नाल्यावर गेलो. रपट्यावरून छातीभर पाणी, त्यात झाडांच्या फांद्या वाहत होत्या. पलीकडे खाटेवर माणूस निजवलेला. बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, कडेचं गवत कापताना घोणस चावली होती. खाटेपाशी ती बाई उभी होती. तो तिचा नवरा होता.

अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. ती वेळेवर आली, अलीकडच्या काठावर. पलीकडून ती बाई काहीतरी ओरडत होती, पण पाण्याच्या आवाजात शब्द पोचत नव्हते. मग माझा मोबाइल वाजला. ती मला दिसत होती आणि तिचा आवाज माझ्या कानात होता.

"गाडी आली का जी?"

"आली, इथेच आहे."

"पाय फुगून राहिला त्याचा. हिरड्यातून रगत येऊन राहिलं. पानी कवा उतरन?"

"उतरेल आता."

अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर माझ्याजवळ उभा होता. त्याने माझ्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली. वर मिलच्या अंगाला नवा पूल कोरडा उभा होता. कुणीतरी म्हणालं, त्या पुलावरून आणा. पण टोला आणि मिलरस्ता यांच्यामध्ये दुसरा एक ओढा येऊन नाल्याला मिळतो, आणि तोही भरला होता. टोल्यातल्या माणसांना त्या पुलापर्यंत पोचायलासुद्धा आधी एक पूल हवा होता.

चार तास गेले. ती दर थोड्या वेळाने फोन करायची आणि एकच विचारायची. शेवटी चार जणांनी ट्रकच्या ट्यूबवर बांधून त्याला अलीकडे आणला. त्याने माझ्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि म्हणाला, "सचिव साहेब, बांधी अर्धीच राहिली." दुसऱ्या दिवशी गोंदियाच्या दवाखान्यात तो गेला. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.

टोल्यातल्या लोकांनी तालुक्याला निवेदन दिलं: आम्ही पूल मागितला, तो मिलकडे कसा गेला? चौकशीला विस्तार अधिकारी आले. त्यांनी वही मागितली. मी दिली. त्यांनी पान उघडून सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, गट नंबरासकट.

"ठराव तर तुमच्याच ग्रामसभेचा आहे," ते म्हणाले. "पहिली सही कुणाची ही?"

ती पुढे आली. कपाळ मोकळं, डोक्यावर पदर. वही स्वतःकडे फिरवली आणि वाचायला लागली. त्या चार ओळींवर थांबली, पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. मी टेबलावरच्या पिन मोजत होतो.

"सही माहीच आहे," ती म्हणाली. "मी वाचलं होतं जी. पन हे नंबर... ध्यानात नाही आलं."

अधिकाऱ्याने मला विचारलं, "हे सगळं सह्यांच्या आधी लिहिलेलं होतं?"

"हो," मी म्हणालो. "वाचून दाखवलं होतं."

एवढंच बोललो. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय असता तर मला सोपं गेलं असतं. ती माझ्याकडे अशी पाहत होती, जणू तिला माझी माफी मागायची आहे. मी नीट वाचून दाखवलं आणि तिला समजलं नाही म्हणून.

त्यानंतर टोल्यात तिच्यावर जे आलं ते मला शिपायाकडून कळत गेलं. "लय शिकलेली होती ना. वाचल्याबिगर सही करत नाही म्हने." बचत गटाचं अध्यक्षपण काढून घेतलं. पाण्यावर, रोवणीत, सगळीकडे तेच. तिची सासू थोडी बहिरी, त्यामुळे मोठ्याने बोलायची, आणि गावात आली की चारचौघांत म्हणायची, "साप तं निमित्त झाला. माह्या लेकाले हिच्या सहीनं खाल्लं."

मी तेव्हा बोललो असतो तर हे सगळं एका दिवसात थांबलं असतं. बोललो नाही. नोकरी जाईल ही भीती होती, आणि भाऊंची भीती होती. त्याहून मोठी एक गोष्ट सांगतो: जसजसे दिवस जात होते तसतसं आधी न बोलल्याचंच ओझं इतकं वाढलं की मूळ चुकीपाशी पोचायचा रस्ताच बुजत गेला.

मग मी काय केलं? मला फक्त चिठ्ठीच माहीत होती. एका शनिवारी मी पुन्हा त्या ओसरीत जाऊन बसलो आणि तिच्यासाठी घरकुल मागितलं. यादीत तिचं नाव बरंच खाली होतं. भाऊंनी पीएला खूण केली. नाव वर आलं, म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी खाली गेलं. ते कोण, हे मी पाहिलं नाही. घर उभं राहिलं. भाऊंनी तिला किल्ली देतानाचा फोटो निघाला. ती माझ्याकडे आली, हात जोडले. "साहेब, तुमी होते म्हनून झालं."

मला वाटलं होतं माझं ओझं उतरेल. उलट मी तिच्यावरच आणखी एक चढवलं. त्यानंतर भाऊंची सभा असली की तिच्या दारात गाडी उभी राहायची आणि ती पाच-सहा बायका घेऊन निघायची. एकदा मी विचारलं, पुलाचं काय, पुन्हा मागत नाही का? ती म्हणाली, "मांगून का होते जी? कोनाच्या हातात आहे ते पाह्यलं पाह्यजे, त्याच्या मांगं उभं राह्यलं पाह्यजे. मले हे पहिलेच समजाले पाह्यजे होतं." हे तिला मी शिकवलं होतं. शाळेच्या छताची तक्रार, हातपंपाची तक्रार, टोल्यातून काहीच येईनासं झालं. माझ्या ग्रामसभा शांत होऊ लागल्या. वरच्या साहेबांनी एकदा कौतुकही केलं, तुमच्या गावात वाद नाहीत म्हणून.

यंदाच्या सव्वीस जानेवारीला सभेच्या आधी शेठ जवळ येऊन बसला. टोल्याच्या बाजूच्या तलावाचा मासेमारीचा ठेका त्याच्या माणसांच्या संस्थेला द्यायचा होता. टोल्यातली दहा-बारा घरं त्याच तलावावर जगत होती. मजकूर माझ्या मोबाइलवर आदल्या दिवशीच आला होता.

"पन्ना पूरा कोरा रखो," तो म्हणाला. "और पहली सही बाई की लो. बाई अपनी है. फिर टोला कुछ नहीं बोलेगा."

सभा नेहमीसारखी पंधरा मिनिटांत संपली. तलावाचा विषय निघालाच नाही. मी वही उघडली. पान पूर्ण कोरं, वर विषयसुद्धा नाही. शेठने तिला हाक मारली. ती आली, वाकली, वही न फिरवता उभ्यानेच पेन मागितलं.

"वाचा तरी," माझ्या तोंडून गेलं.

"का वाचू जी? काही लिवलंच नाही." तिने अगदी साधेपणाने सांगितलं, रागाने नाही. "अन् वाचून का करू? मांगं वाचलं तं मानूस गेला. तुमी लिवजा. माहा भरोसा आहे."

तिने सही केली. मागच्या बाया तिच्यामागून पुढे सरकल्या. मी वही ओढून घेतली, त्या कोऱ्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली, 'रद्द' लिहिलं आणि खाली माझी सही केली. शेठ बघत होता. "तबीयत ठीक नहीं क्या?" त्याने विचारलं. मी वही पिशवीत टाकून बाहेर आलो. माझ्यात धैर्य आलं होतं असं समजू नये. त्या पानावर आणखी काही लिहिणं मला जमलं नसतं, एवढंच.

त्याच दुपारी रपट्यावरून टोल्यात गेलो. ती नव्या घराच्या अंगणात मोहरी पाखडत होती. मी बसलो नाही.

"बाई, त्या पुलाच्या ठरावात तुम्ही जेवढं वाचलं, तेवढंच तिथे होतं. गट नंबर नंतर मी लिहिला. चौकशीत मी खोटं बोललो."

सूप तिच्या हातात तसंच राहिलं.

"कवा लिवलं?"

"चौथ्या दिवशी. घरी."

"पेन तोच?"

"हो."

"म्हनून," ती म्हणाली. "मी रोज आठवत होती जी. रोवना करता करता आठवे, ते पान कसं होतं. मी दोनच ओळी वाचल्या, असंच येत जाये मनात. मंग वाटे, आपल्याच डोक्यात काही बिघडलं. वाचता येते म्हनून इतरावत होतो आपन, अन् आंधळे निघालो." तिने सूप खाली ठेवलं. "हे घर त्याच्याचपायी देल्लं का?"

"हो."

ती घराकडे पाहत राहिली. मी म्हणालो, मला माफ करा. तिने हात वर करून मला थांबवलं.

"मले कायले सांगता? मी तं त्या नंबराले सही केली नव्हतीच, हे मले आता समजलं. ज्याईनं मले बोल लावला, त्याईले सांगा. ऐतवारी विहारात सगळे असतात. माही सासू बी असते."

मधल्या दिवसांत मी तालुक्याला लेखी जबाब दिला. त्याची चौकशी सुरू आहे, मी निलंबित आहे, आणि पुढे काय होईल ते मला माहीत नाही. भाऊंचा फोन आला नाही. शेठ एकदा कुडव्यात घरासमोर गाडी थांबवून गेला. आत आला नाही, काच खाली करून वडिलांच्या खिडकीकडे थोडा वेळ बघत बसला आणि गेला. अजूनही दारात गाडी थांबल्याचा आवाज आला की बायको उठून पाहते.

रविवारी वंदना झाल्यावर मी विहाराच्या पायरीपाशी उभा राहिलो. समोर शंभरेक माणसं बसली होती. ती बाई पुढे नव्हती, बायकांच्या घोळक्यात मध्येच कुठेतरी होती. एक जण म्हणाला, "बोला सचिव साहेब, आता कायचा फारम भराचा आहे?" दोघं-तिघं हसले. मी रात्री लिहून आणलेला कागद खिशातच ठेवला आणि जे होतं ते सांगितलं. सह्या झाल्यावर लिहिलं. कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं. चौकशीत खोटं बोललो. माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता.

मागच्या भिंतीला टेकून म्हातारी सासू बसली होती. तिने शेजारणीला कोपराने ढोसलं. "का म्हने? मले काही आयकू येऊन नाही राह्यलं."

शेजारणीने माझ्याकडे बोट दाखवलं. सगळे माझ्याकडे पाहत होते. म्हातारी ओरडली, "जोरानं बोल गा."

मी माणसांच्या मधून वाट काढत मागे गेलो, तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुन्हा म्हणालो, "आजी, तुमच्या सुनेनं सगळं वाचून सही केली होती. मिलचा नंबर तिच्या सहीनंतर मी लिहिला. पूल मी पळवला. तुमचा मुलगा त्या काठावर चार तास पडून राहिला तो माझ्यामुळे. सुनेचा काही दोष नाही. मी तुमचा अपराधी आहे, तिचा आहे, या टोल्याचा आहे. मला माफ करा."